हरवलेल्या संवेगाचा हिशेब

सुपरसिमेट्री हा सिद्धांत म्हणतो की प्रत्येक ज्ञात कणाला एक अजून न सापडलेला जोडीदार असतो. या जोडीदारांतला सर्वांत हलका कण डिटेक्टरमध्ये दिसतच नाही. आर-पॅरिटी (या सर्वांत हलक्या कणाला क्षयापासून वाचवणारा नियम) टिकणाऱ्या प्रारूपांत तो खूण न ठेवता निसटतो. टकरीआधी प्रोटॉनांना झोताच्या आडव्या दिशेने संवेग जवळपास नसतो, म्हणून नंतरची आडवी बेरीजही शून्य यायला हवी. ती आली नाही, तर ती तूट हाच आपला पुरावा.

अडचण अशी की एखाद्या जेटची (टकरीतून एका दिशेने उडालेल्या कणांच्या फवाऱ्याची) ऊर्जा कमी मोजली गेली तरी हुबेहूब तशीच तूट दिसते. सर्नच्या एलएचसी त्वरकावरच्या सीएमएस डिटेक्टरमध्ये मधला हॅड्रॉन कॅलरीमीटर, म्हणजे जेटमधल्या कणांची ऊर्जा मोजणारा थर, चुंबकाच्या वेटोळ्याच्या आत बसवलेला आहे. तिथे जाडीला जागा कमी, त्यामुळे जोरकस जेटमधून उठलेली कणांची सर कधीकधी त्यात पुरती न थांबता बाहेर झिरपते. ती पकडायला वेटोळ्याबाहेर 10 मिलिमीटर जाडीच्या सिंटिलेटर (कण गेला की चमकणाऱ्या पदार्थाच्या) फरशा लावल्या. या बाह्य कॅलरीमीटरच्या उभारणीत कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे, आणि सुपरसिमेट्रीच्या शोधात ही फारशी चर्चा न होणारी फरशी मला फार मोलाची वाटते. आधी तिचा प्रकाश हायब्रिड फोटोडायोड हे प्रकाशसंवेदक वाचत. चुंबकाच्या बाहेरच्या क्षेत्रात त्यांत विद्युत् विसर्जन होऊन खोटे संकेत येत, म्हणून त्वरकाच्या 2013-14च्या बंदकाळात त्यांच्या जागी सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर हे दुसरे संवेदक आले.

एवढे करूनही चुकीची मापे उरतातच. तूट एखाद्या मोठ्या जेटच्याच दिशेला असेल तर ती घटना, म्हणजे त्या टकरीची नोंद, वगळायची. तूट आणि जेट यांच्यातल्या कोनाला पहिल्या दोन जेटांसाठी किमान साधारण 0.5 रेडियनची अट असते, पुढच्यांसाठी 0.3.

खरी डोकेदुखी मात्र खऱ्या तुटीची. झेड बोसॉन या ज्ञात कणाच्या 20 टक्के क्षयांत न्यूट्रिनोंची जोडी निघते, आणि न्यूट्रिनोही डिटेक्टरमध्ये दिसत नाहीत. तिचा अंदाज झेडपासून म्युऑनजोडी (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांची, दिसणारी जोडी) निघालेल्या घटनांतून करतात: म्युऑन हिशेबातून पुसायचे आणि त्याने पडलेली तूट न्यूट्रिनोंची समजायची. पण म्युऑनजोडी जेमतेम 3.4 टक्के, म्हणजे नियंत्रण-नमुना सहापटीने तोकडा, आणि नेमक्या मोठ्या तुटीच्या टोकाला घटना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मग झेडऐवजी फोटॉन निघालेल्या, फोटॉन-अधिक-जेटच्या घटना मदतीला घ्याव्या लागतात, त्यांच्यासोबत सैद्धांतिक दुरुस्तीची अनिश्चितताही येते.

हलका कण जवळपास वस्तुमानरहित धरला, तर ग्लुइनो (ग्लुऑनचा सुपरसिमेट्रीतला जोडीदार) सुमारे 2.2 टीईव्ही वस्तुमानापर्यंत नाकारला गेला आहे. दोघांची वस्तुमाने जवळजवळ सारखी असतील तर ही मर्यादा बरीच खाली येते. तेव्हा जेट मवाळ आणि तूट लहान असते. आधीच उडालेल्या एखाद्या जोरदार जेटने सगळ्यांना बाजूला ढकलले, तरच ट्रिगरला, म्हणजे कोणती घटना साठवायची ते तत्क्षणी ठरवणाऱ्या यंत्रणेला, तिची चाहूल लागते. 120 जीईव्ही तुटीचा ट्रिगरही पूर्ण कार्यक्षम होतो तो त्या आकड्याच्या बराच वर, म्हणून या मधल्या पट्ट्यातल्या कितीतरी घटना साठवल्याच जात नाहीत.