बत्तीसपैकी एकोणीस

पालकसभेला आई-बाबांऐवजी आजोबा आले की मला बरं वाटतं. ते आडून आडून विचारत नाहीत. गेल्या सत्रात एक आजोबा आले होते, वीज मंडळातून निवृत्त झालेले, खिशाला पेन लावलेले. नातवाचं प्रगतिपुस्तक माझ्यापुढे ठेवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, सायन्सला बत्तीसपैकी एकोणीस. म्हणजे टक्के किती?"

"आजोबा, यात टक्के नसतात. एकोणीसला पाच ग्रेड. सातपैकी पाच."

तोवर त्यांचा तोंडी हिशोब झालाही होता. "एकोणसाठ पूर्णांक काहीतरी. म्हणजे फर्स्ट क्लास हुकला की हो थोडक्यात!"

हिशोब बरोबरच होता. मी त्यांना कागदावर चार रकाने आखून दाखवले. तेच इथे जरा सविस्तर लिहिते, कारण नातेवाइकांपासून रिक्षावाल्या काकांपर्यंत सगळे मला एकच विचारतात: त्या इंटरनॅशनल शाळेत तुम्ही नक्की शिकवता काय?

मी साताऱ्याकडच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. आता पुण्याच्या वेशीवरच्या एका आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळेत मिडल इयर्स प्रोग्रॅमला, म्हणजे सगळे ज्याला एमवायपी म्हणतात त्याला, तोच विषय शिकवते. आयबी ही संस्था १९६८ साली जिनिव्हात सुरू झाली, एमवायपी आला १९९४ मध्ये. अकरा ते सोळा वयाच्या मुलांसाठी पाच वर्षांचा हा कार्यक्रम. आठ विषयगट, प्रत्येकाला वर्षाला निदान ५० तास. हे सगळं माहितीपत्रकात छापलेलं असतं. ठळक अक्षरात जे छापत नाहीत ते असं, की याला पाठ्यपुस्तक नाही. आयबी चौकट देते आणि निकष देते. त्या चौकटीत कुठला आशय भरायचा हे शाळा ठरवते, म्हणजे शेवटी आम्ही शिक्षक ठरवतो. "सध्या कितवा धडा चालू आहे?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं. पालक त्याने अस्वस्थ होतात, आणि मला ते समजतं. धड्याचा नंबर कळला की घरी अभ्यास घेता येतो, क्लास लावता येतो. इथे धरायला काही हातातच येत नाही.

धड्याऐवजी युनिट असतं. प्रत्येक युनिटच्या डोक्यावर एक विधान, त्याला म्हणतात स्टेटमेंट ऑफ इन्क्वायरी. सोळा मुख्य संकल्पनांतली एक घ्यायची, विषयातल्या एकदोन उपसंकल्पना घ्यायच्या, सहा जागतिक संदर्भांतला एक घ्यायचा, आणि या सगळ्याची मोट एका वाक्यात बांधायची. या वाक्यावर मीटिंगांमध्ये जितका वेळ जातो तितका मुलांच्या वह्यांवर गेला तर बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. कधी कधी ते वाक्य इतकं गुळगुळीत होतं, की त्याखाली न्यूटनचे नियमही शिकवता येतील आणि पेशवाईही. पण त्या वाक्याखाली तीन प्रकारचे प्रश्न लिहायचे असतात, आणि तिथे खरं काम सुरू होतं. एक माहितीचा, एक संकल्पनेचा, आणि एक असा की ज्यावर वर्गात भांडण व्हायला हवं.

उदाहरण म्हणून सातवीचं माठाचं युनिट सांगते. माहितीचा प्रश्न: बाष्पीभवन म्हणजे काय? संकल्पनेचा: वस्तूची रचना बदलली की तिचं काम कसं बदलतं? आणि भांडणाचा: घरोघरी फ्रिज असताना माठ ठेवण्यात काही अर्थ आहे का?

एप्रिल महिना होता. मी वर्गात एवढंच सांगितलं, की माठातलं पाणी खरंच गार होतं का आणि कशामुळे होतं, हे तुम्ही ठरवा आणि सिद्ध करा. आधी आराखडा लिहायचा, माझी सही घ्यायची, मगच भांड्याला हात लावायचा. एका गटाने लिहिलं: माठ, स्टीलचं पातेलं आणि प्लॅस्टिकची बाटली, तिन्हींत पाणी भरून ठेवू, दोन तासांनी तापमान बघू. बाटलीला झाकण होतं, पातेलं उघडं, माठावर वाटी पालथी. मी काहीच बोलले नाही. शेजारच्या गटातला एक मुलगा मान लांब करून वाचत होता, तोच म्हणाला, "अरे, मग झाकणाने फरक पडला की माठाने, हे कळणार कसं?" पाच मिनिटं खडाजंगी. शेवटी तिन्ही भांडी उघडी ठेवायची आणि पाणी एकाच पिंपातून मोजून घ्यायचं असं ठरलं. पातेल्याचं तोंड माठापेक्षा रुंद आहे हे कुणाच्या तरी उशिरा लक्षात आलं, मग पातेलं जाऊन तिथे स्टीलचा तांब्या आला.

दुसऱ्या गटातल्या एका मुलीने आराखड्यात लिहिलं होतं, "नवा माठ आदल्या रात्री भिजत घालायचा." का, म्हणून विचारलं. "आजी म्हणते, नवा माठ आधी स्वतः पाणी पितो." त्यापुढे मी लाल पेनने "कारण?" एवढंच लिहिलं. दोन दिवसांनी सच्छिद्र मातीबद्दल अर्धं पान आलं, आजीचं वाक्य जसंच्या तसं ठेवून. तिसऱ्या गटाला बाजारात मिळणारा ऑइलपेंटने रंगवलेला, नक्षीचा माठ हवा होता, साध्या माठाशी तुलना करायला. तोही आणला.

निकाल असा आला, की प्रयोगशाळेत ३४ अंश असताना साध्या माठातलं पाणी दुपारभरात २६ पर्यंत उतरलं, रंगवलेल्या माठातलं जेमतेम ३१ पर्यंत, आणि तांब्या-बाटलीत फारसा फरक नाही. बहुतेक गट इथे खूश होऊन थांबले. एका जोडीने मात्र आपला लहानसा माठ स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावरच ठेवला होता. आत दोन लिटर पाणी, आणि संध्याकाळपर्यंत वजन ६० ग्रॅमने कमी. त्यांनी मला गाठलं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० ज्यूल उष्णता लागते, हे मी आधी सांगितलेलं होतं. दोन लिटर पाणी आठ अंशांनी गार करायला काढावी लागते सुमारे ६७,००० ज्यूल. म्हणजे २८ ग्रॅम उडून गेलं असतं तरी पुरलं असतं. "मॅम, दुपटीहून जास्त पाणी गेलं. उरलेल्याने काय केलं?"

उत्तर मी दिलं नाही, पण ते इथे लिहायला हरकत नाही. खोलीतली गरम हवा माठाला सतत तापवतच असते, आणि ती आत येणारी उष्णता रोजच्या रोज बाहेर काढायलाही पाणी खर्ची पडतं. शिवाय मातीही गार व्हावी लागते. दोघांपैकी एकीने हे स्वतः शोधलं. दुसऱ्याने लिहिलं की काटा बिघडला असावा. चालायचंच.

आता ते चार रकाने. विज्ञानात चार निकष असतात, ए, बी, सी, डी, आणि प्रत्येकाला आठ. ए म्हणजे विषय समजला का. बी म्हणजे प्रश्न विचारता आला का, गृहीतक मांडून त्याची तपासणी आखता आली का. सी म्हणजे मिळालेल्या माहितीचं काय केलं, आणि आपल्याच पद्धतीतल्या उणिवा दिसल्या का. डी म्हणजे या विज्ञानाचा बाहेरच्या जगात काय परिणाम होतो यावर विचार. गृहीतक चुकीचं निघालं म्हणून बी चा गुण कापला जात नाही. उत्तर बरोबर आलं म्हणून सी चा मिळत नाही. चारही मिळून ३२, आणि २८ पासून पुढे सात ग्रेड. वर्षाअखेर निकषाचा आकडा ठरवताना सरासरीही काढायची नसते. वर्षभराचं काम समोर ठेवून मुलगा आता कुठल्या पायरीवर उभा आहे, हे शिक्षकाने ठरवायचं.

त्या आजोबांच्या नातवाला ए मध्ये सात होते. व्याख्या, सूत्रं, आकृत्या चोख. डी मध्ये पाच. बी मध्ये तीन आणि सी मध्ये चार. तो आराखड्यात लिहितो, "प्रयोग नीट करावा." काय बदलायचं, काय तसंच ठेवायचं, किती वेळा मोजायचं, हे त्याला स्वतःहून सुचत नाही. घोकून येण्यासारखं सगळं येतं. हे मी सांगितलं तेव्हा आजोबा जरा वेळाने म्हणाले, "म्हणजे याला फॉल्ट शोधता येत नाही. लाइनमनला नुसतं सर्किट पाठ असून भागत नाही." यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

माझ्या दृष्टीने एमवायपीतली खरी दमदार गोष्ट ही एवढीच. प्रश्न विचारण्याला आणि तपासणी आखण्याला वेगळा रकाना आहे, आणि एकूण बेरीज कितीही झाली तरी त्यातला आकडा वेगळा दिसतोच. बाकी लर्नर प्रोफाइलची, म्हणजे विद्यार्थी कसा असावा याची, दहा विशेषणं भिंतीवर रंगवलेली असतात. ती छान दिसतात.

याच विचाराचं टोक म्हणजे पाचव्या वर्षीचा पर्सनल प्रोजेक्ट. प्रत्येक मुलाने स्वतःच्या आवडीचा विषय घेऊन अंदाजे २५ तासांचं काम करायचं. कुणी दुर्बीण बनवतं, कुणी आज्जीच्या पाककृतींचं पुस्तक. पण गुण असतात ते अहवालाला, जास्तीत जास्त पंधरा पानांच्या: काय आखलं, कुठली कौशल्यं वापरली, काय शिकलो. दुर्बीण कितीही देखणी असली तरी तिला स्वतःचे असे गुण नाहीत. पालकांना हे पटवताना माझ्या नाकी नऊ येतात. एका वर्षी एका बाबांनी चक्क फर्निचरवाल्याकडून मॉडेल करून आणलं होतं, अप्रतिम पॉलिश केलेलं. अहवालात लिहायला पोराकडे काहीच नव्हतं.

आता फीबद्दल. ती लाखांत असते, माझ्या स्वतःच्या मुलाला मी तिथे घालू शकले नसते, आणि ही गोष्ट झाकून या अभ्यासक्रमाचं कौतुक करणं मला जमत नाही. पण शोध घेत शिकणं हे श्रीमंतांचं आणि परदेशी प्रकरण आहे, असं कुणी म्हटलं की मला होशंगाबाद आठवतं. मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात १९७२ साली सोळा उच्च प्राथमिक शाळांत सहावी ते आठवीसाठी प्रयोगातून विज्ञान शिकवणं सुरू झालं. एमवायपीच्या बावीस वर्षं आधी, साध्या, गावातल्या शाळांत. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्था त्यात होत्या, पुढे १९८२ मध्ये एकलव्य ही संस्था निघाली. मुलं गटात प्रयोग करायची, निष्कर्ष स्वतः लिहायची, आणि परीक्षेला पुस्तक-वही उघडी ठेवायची मुभा होती. पुस्तकात उत्तरं नव्हतीच, तर लपवायचं काय? कार्यक्रम हजाराच्या आसपास शाळांपर्यंत पोचला आणि २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला. आमच्या प्रशिक्षणांत जिनिव्हाचं नाव दर तासाला येतं. होशंगाबादचं मी कधी ऐकलेलं नाही.

आपल्याकडेही रकाना आहे, हे आणखी एक. महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक, म्हणजे शिकवणं चालू असतानाच्या, मूल्यमापनाच्या साधनांत प्रयोग आहे, प्रकल्प आहे, निरीक्षण आहे. त्या योजनेत सातवी-आठवीला आकारिकचे ४० टक्के ठेवले. चाळीस म्हणजे थोडेथोडके नव्हेत. पण सत्राच्या शेवटच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये ते तक्ते कसे भरले जातात, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. तो हसेल आणि विषय बदलेल.

माझी नणंद जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. तिने मे महिन्यात माझ्याकडून माठाचा सगळा प्रकार ऐकून घेतला आणि जूनमध्ये शाळा उघडल्या उघडल्या सातवीत करून बघितला. प्रयोग पार फसला. पाऊस लागला होता, हवा दमट, माठ आणि तांब्यात एखाद्या अंशाचा फरक. तिचा फोन आला तेव्हा ती वैतागलेली होती. पण तिच्याच वर्गातल्या मुलांनी तिला विचारलं होतं, की बाई, उन्हाळ्यात तर होतं, मग आत्ता का नाही? माझ्या एप्रिलवाल्या मुलांपैकी एकालाही हा प्रश्न पडलेला नव्हता. "आम्ही हे एकाच ऋतूत केलं," एवढी एक ओळ सी मध्ये लिहिली असती तर मी आनंदाने गुण दिले असते.

खरी अडचण दुसरीकडेच आहे. माझ्या वर्गात बावीस मुलं. एक अहवाल नीट वाचून शेरा लिहायला बारा मिनिटं धरली तरी जवळपास साडेचार तास जातात, आणि ते तास मला वेळापत्रकात मिळतात. नणंदेकडे एकेचाळीस मुलं, शिवाय गणित तिचंच, पोषण आहाराची नोंदवही तिची, मतदार यादीचं कामही अधूनमधून येतंच. माझ्या शाळेची निम्मी फी तरी त्या साडेचार तासांची असावी.

"वहिनी, ते तुझे चार निकष पाठव," ती म्हणाली, "पण मी दोनच वापरीन. बी आणि सी. बाकीचं पेपरात येतंच. आणि प्रत्येक मुलाची वही सत्रातून एकदाच बघीन, रोज दोन, त्याहून जमायचं नाही."

मी पाठवले. मराठीत, एका पानावर, वरचं ते गुळगुळीत विधान काढून टाकून. तिने ते पान मूल्यमापनाच्या तक्त्यातल्या 'प्रयोग' या रकान्यासमोर चिकटवलंय आणि मला उलट विचारलंय, की पावसाळ्यात चालेल असा दुसरा प्रयोग कुठला. बुरशीचा सुचवलाय. पोळीचा तुकडा, एक ओला, एक कोरडा, एक मीठ लावलेला.