बीथोव्हनच्या वादळात केळी पडत नाहीत

परवा आमच्या लिफ्टमध्ये एक चिठ्ठी लागली. नाव नाही, सही नाही, अक्षर मात्र मोत्यासारखं. ‘रविवारी दुपारी मेघगर्जना ऐकू येणार नाही याची काळजी घेतल्यास आभारी राहीन.’ तिसऱ्या मजल्यावर मेघगर्जना करणारा मीच.

इथला रविवार कडक सोवळ्यातला. रिकामी बाटली काचकचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, ड्रिल लावणं म्हणजे तर ब्रह्महत्याच. पाळतोही मी सगळं. पण ही चिठ्ठी व्हिएन्नात लागावी? याच गावात 22 डिसेंबर 1808 ला, थिएटर आन डेर वीनच्या गारठ्यात लोक चार तास कुडकुडत बसले आणि त्यांनी हेच वादळ पहिल्यांदा ऐकलं. बीथोव्हनची सहावी सिंफनी, ‘पास्टोरल’, म्हणजे वाद्यवृंदाने रंगवलेलं खेडं; चौथ्या भागात वादळ. त्या दिवशी कोणी चिठ्ठी लावली नव्हती. आणि दारावर येऊन ‘जरा हळू लाव रे बाबा’ म्हणायला काय जातं? आमच्याकडे रात्री अकराला वरातीचा बँड दारासमोर थांबला तर खाटेवरची आजारी म्हातारीसुद्धा आधी ‘कोणाची वरात रे?’ विचारते. (देवळाच्या भोंग्यापायी आबा पहाटे काय काय बोलायचे ते आठवतं मला. पण ते चिठ्ठीला उत्तर म्हणून कसं लिहिणार?)

असो. या सिंफनीची चार वाद्यवृंद-संचालकांची चार ध्वनिमुद्रणं मी आलटून पालटून ऐकतो. कारायानचं 1962 चं, बर्लिन फिलहार्मोनिकचं, वेगवान. सगळी सिंफनी छत्तीसेक मिनिटांत खलास. पहिल्या भागातली पुनरावृत्तीच त्याने गाळली आहे. भुसावळला दोन मिनिटं थांबणाऱ्या एक्स्प्रेसच्या खिडकीतून शेत दिसावं तसं त्याचं शेत दिसतं. सुंदर, पण आपण काही उतरत नाही. ब्रूनो वॉल्टरचं 1958 चं, कोलंबिया सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबरचं, इतकं मायाळू की दुसऱ्या भागातला ओढा आजोबा नातवाला हात धरून दाखवताहेत असं वाटतं. कार्ल ब्यॉमचं 1971 चं व्हिएन्ना फिलहार्मोनिकचं. इथल्या मंडळींना विचारलं तर बहुतेक याचंच नाव घेतील, आणि वादळाच्या बाबतीत माझंही मत तेच. चिठ्ठी आली ती त्याच्यामुळेच.

चौथा भाग सुरू होतो तेव्हा चेलो आणि डबल बेस ही खर्जातली तंतुवाद्यं खाली पुटपुटत असतात. मग चेलो एका ठोक्यात पाच स्वर वाजवतात आणि बेस चार, त्यामुळे कशाचा कशाला मेळ बसत नाही आणि नुसती घरघर ऐकू येते. सातपुड्याकडून जूनमध्ये आवाज येतो तो असाच. ढग दिसायच्या आधी. टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, सबंध सिंफनीत फक्त इथे वाजते, आणि पिकोलो ही चिमुकली बासरीही फक्त इथेच किंचाळते. साडेतीन-पावणेचार मिनिटांचा खेळ. मग वारं पडतं, सनईसारखा ओबो शांत होतो, बासरी एक सूर वर चढवत नेते आणि मध्ये श्वासही न घेता क्लॅरिनेटवर मेंढपाळाचं गाणं सुरू. या पाचव्या, शेवटच्या भागाचं नावच ‘वादळानंतरच्या आनंदाच्या आणि कृतज्ञतेच्या भावना’.

गेल्या जूनपर्यंत मला यात काही खटकत नव्हतं. गेल्या जूनमध्ये ब्यॉमचं वादळ चालू असतानाच धाकट्या भावाचा व्हिडिओ आला. रावेरकडची आमची बाग आडवी. केळीची होती, घड कापणीला आलेले. माणसाच्या मांडीएवढी खोडं मधूनच मोडलेली, आणि मागे आईचा आवाज, ‘त्याले कशाले दाखवतो रे?’ तेवढ्यात इकडे क्लॅरिनेट आनंदाने वाजू लागला. बंद केलं. बीथोव्हन उन्हाळ्यात गावाकडे राहायला जायचा. ज्यांची शेतं होती ते ऑस्ट्रियन शेतकरी वादळानंतर मेंढपाळाचं गाणं म्हणत बसले नसतील. आमच्याकडे वादळानंतर तलाठ्याची वाट बघतात, पंचनाम्यासाठी.

मी तिथे असतो तर केळी उभी राहिली असती का? नाही. ठिबकचं कर्ज फिटलं ते इथल्या पगारातून, हे भावालाही ठाऊक आहे. घरातलं कोणीतरी बाहेर असावंच लागतं. हे मी त्याला तीनदा सांगितलं; त्याने विचारलं एकदाही नव्हतं.

त्यानंतर मी चौथ्याकडे, क्लेम्पररकडे वळलो. फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रा, 1957. त्याआधी मला ते चालायचं नाही. तिसऱ्या भागात गावकरी नाचतात, तर याच्याकडे ते इतके जड पाय टाकतात की ऐकणारे हसतात. आता वाटतं, दिवसभर डोक्यावर घड वाहिलेला माणूस पोळ्याच्या संध्याकाळी नाचला तर असाच नाचेल. कारायानचे गावकरी नाचतात खरे, पण त्यांनी सकाळपासून काही काम केलेलं नाही. आणि शेवटचा भाग. क्लेम्पररला 1933 मध्ये जर्मनी सोडावी लागली, 1939 मध्ये मेंदूतली गाठ काढली, पुढे पडून हाड मोडलं. त्याचे आभार घाईचे नाहीत, लाडिकही नाहीत. हिशेब करून, काय गेलं नि काय उरलं ते मोजून मग मानलेले वाटतात. ब्यॉमचे व्हायोलिन याहून गोड आहेत, कबूल. पण त्या जूननंतर गोड नको झालं होतं.

काल भावाला व्हिडिओ कॉलवर हा नाच ऐकवला. तो ट्रॅक्टरच्या सीटवर बसून चहा पीत होता. मागे मृगात लावलेली नवी केळी, गुडघ्याएवढी.

“दादा, यात ढोल नाही का?”

“आहे. फक्त वादळात वाजतो.”

“मग तेवढंच लाव ना.”

रविवार होता. मी खिडक्या लावून घेतल्या आणि आवाज वाढवला.