एमजीबीच्या दाराची काच जड का झाली होती

काच निम्म्यावर आली की हँडल जड व्हायचं आणि ती पुढे कलून अडकायची. असं झालं की सगळे एकच सांगतात, विंडो मशीन (हँडल फिरवलं की काच वर-खाली करणारी दारातली यंत्रणा) बदला. मी मशीन मागवायच्या आधी दार उघडून बघायचं ठरवलं.

गाडी एमजीबी रोडस्टर, ब्रिटिश एमजी कंपनीची दोन आसनांची उघडी गाडी. तिच्या आधीच्या उघड्या एमजीएला फिरवून वर घ्यायच्या काचा नव्हत्याच, बाजूचे पडदे काढून-लावून भागवायचं. १९६२ साली आलेल्या एमजीबीला त्या मिळाल्या आणि गाडी १९८० पर्यंत बनत राहिली, त्यामुळे सुटे भाग आजही नवे मिळतात. मात्र सगळे मुकाट बसतात असं नाही.

हँडलचा मधला स्क्रू काढला, आतलं पॅनल क्लिपांवरून हळूहळू सोडवलं. ओल खाल्लेला हार्डबोर्ड क्लिपसकट फाटतो, तेव्हा इथे ओढाताण नको. पाने इंचाचेच हवेत. अर्ध्या इंचाच्या नटावर १३ मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की नटाच्या कडा गोल करून टाकतो.

काच नुसती उचलून बाहेर येत नाही. मशीनचे हात काचेखालच्या पट्टीतून सोडवायचे, मशीन काढायचं, मग पुढची क्वार्टर ग्लास (दाराच्या पुढच्या टोकाची छोटी तिकोनी काच) आणि मागचं चॅनल (काचेची कड ज्यात सरकते ती पत्र्याची खाच) ढिलं करून काच तिरकी उचलायची. मशीनचे दाते शाबूत होते, ग्रीस तेवढं वाळून दगड झालं होतं. खरी दुर्दशा चॅनलमध्ये दिसली: फेल्ट, म्हणजे आतलं मऊ अस्तर, झडून गेलेलं, काच थेट पत्र्यावर घासत होती. शिवाय दोन्ही चॅनल, क्वार्टर ग्लासच्या चौकटीतलं पुढचं आणि हे मागचं, खाली एकमेकांपासून लांब होते आणि वर जवळ. अशा वाटेवर नवं मशीनही काही दिवसांत थकलं असतं.

मशीन धुऊन लिथियम ग्रीस लावलं. फेल्ट नवं घातलं, त्याला मात्र ग्रीस नाही. धूळ धरून त्याचा चिखल होतो, सिलिकॉन स्प्रे पुरतो. काचेखालची पट्टी गंजली होती, तीही बदलली. काच टफन्ड असते, कडेला ठोका बसला तर क्षणात चुरा, म्हणून पट्टी बसवताना आत रबर घालून लाकडी ठोकळ्यावरूनच हलके टोले दिले.

सगळ्यात छळलं ते बाहेरच्या कडेच्या रबर पट्टीने. तिच्या क्लिपा दाराच्या आतून वर ओढून कडेवर अडकवाव्या लागतात, आणि हात तिथवर जातच नाही. पत्र्याची चिंचोळी पट्टी टोकाला वाकवून आकडा केला, प्रत्येक क्लिपला दोरा बांधला. निसटली तर दाराच्या तळातून शोधत बसायला नको. ही पट्टी काच परत घालायच्या आधीच लावावी, नंतर जागाच उरत नाही.

जुळवणीला घाई करू नये. सगळे बोल्ट हातानेच आवळले, काच वर चढवली, हूड म्हणजे कापडी छप्पर लावलं. विंडस्क्रीनच्या खांबाशी क्वार्टर ग्लासचं रबर नीट टेकलं तेव्हा आधी तिचे बोल्ट पक्के केले. मागचं चॅनल तिच्याशी समांतर आणायला लाकडाची काठी मापाने कापली आणि वर, मध्ये, खाली तीच लावून पाहिली. एकेक बोल्ट थोडा आवळायचा, काच फिरवून बघायची, मग पुढचा.

शेवटी नळीने पाणी मारलं. कडेवरून थोडं पाणी दारात उतरणारच, म्हणून तळाची भोकं तारेने मोकळी केली आणि पॅनलमागचा प्लास्टिकचा कागद परत चिकटवला. तो फेकून देणाऱ्यांचे हार्डबोर्ड कुजतात. आता काच एका हाताने चढते, शेवटची दोन बोटं जराशी जड, नवं फेल्ट दबेपर्यंत तेवढं चालायचं. पुढच्या खालच्या कोपऱ्यातून दोन-चार थेंब अजून आत येतात. तिथे सीलंट भरून टाक, असा सल्ला मिळाला. भरलं नाही, पुढे कधी क्वार्टर ग्लास काढायची झाली तर सोबत रंगही उपटून येईल.