चतुर्थीच्या पहाटे कॉइलवर बर्फ

गणेशचतुर्थीच्या पहाटे सव्वासहाला फोन वाजला. गुहागरजवळच्या वाडीतले तात्या बोलत होते. "अरे, दहाव्या बादलीनंतर पाणी गार यायला लागलंय. अजून सात माणसं आंघोळीची आहेत आणि भटजी नऊला येतायत." मी तसाच रेनकोट चढवून गाडीला किक मारली. हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवणारा तो हीट पंप मीच बसवला होता, तीन आठवड्यांपूर्वी.

त्यांच्याकडे सोलर चालला नसता. अंगणात फणस, मागे माड, आणि जूनपासून चार महिने ऊन दिसेल तेव्हा खरं. घरात एरवी माणसं तीन, गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले की सतरा. काकींचा हट्ट एकच होता : नारळाची सोडणं आणि चुडतं घालून बंब पेटवायचा, धुरात डोळे चोळायचे, हे आता नको. तात्या म्हणत होते, पाचशे लिटरचीच टाकी घेऊ.

मी आधी न्हाणीघरातली बादली मापली. वीस लिटरची. थर्मामीटर लावून त्यांना आवडेल तसं पाणी करायला सांगितलं, ते ४० अंश निघालं. विहिरीचं पाणी २६. म्हणजे टाकीत ५५ अंशांचं २०० लिटर असेल तर गार पाणी मिसळून चारशेच्या वर लिटर होतं. टाकी रिकामी होता होता खालून गार पाणी शिरतं, म्हणून त्यातलं ८० टक्केच धरायचं. सोळा बादल्या. त्यात आंघोळी चालू असताना पंप पाणी तापवतच असतो. तीन माणसांसाठी वर्षभर पाचशे लिटर गरम करून ठेवणं म्हणजे विजेची नासाडी. दोनशे लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साध्या गीझरला सात युनिट लागतात, हीट पंपला आपल्या दमट, उबदार हवेत साधारण दोन. कारण तो उष्णता तयार करत नाही, फ्रिजसारखी एकीकडून उचलून दुसरीकडे टाकतो. फ्रिज आतली उष्णता स्वयंपाकघरात सोडतो, हा खोलीतल्या हवेतली पाण्यात सोडतो.

हिशेब चुकला नव्हता. चूक जागेत होती.

समुद्र हाकेच्या अंतरावर. खाऱ्या हवेत बाहेर ठेवलेल्या यंत्राच्या ॲल्युमिनियमच्या पात्या लवकर खराब होतात, हे मी इतक्या एसींवर पाहिलंय की बाहेर बसवायचं मनातच आलं नाही. टाकी आतून काचेचा लेप असलेली घेतली, टाकीऐवजी स्वतः गंजणारी मॅग्नेशियमची कांडी तपासली, सेफ्टी व्हॉल्व्हची नळी गटारापर्यंत नेली. आणि सगळं मागच्या पडवीला लागून असलेल्या लाकडांच्या खोलीत उभं केलं. खोली आठ बाय सात फूट, एक खिडकी. "खिडकी उघडी ठेवा" एवढं सांगून मी निघालो होतो.

पोचलो तर खोलीचं दार ढकलताच अंगावर काटा आला. पावसाचे सपकारे आत येतात म्हणून खिडकीला फळी ठोकली होती. पाहुण्यांना जागा हवी म्हणून पडवीतली नारळाची पोती आणून यंत्राच्या गार हवेच्या तोंडासमोरच रचली होती. गार हवा पोत्यांना आपटून परत आत खेचली जात होती. जांभ्याच्या भिंती घामेजलेल्या, निथळीच्या नळीखालची बादली भरून वाहत होती. बॅटरी मारली तर हवेतली उष्णता घेणाऱ्या कॉइलच्या पात्यांवर पांढरा थर. बोट लावलं, बर्फ होता. बाहेर २६ अंश, खोलीत १३. आदल्या रात्री गाडीतून उतरलेल्या मंडळींच्या आंघोळी झाल्या आणि रात्रभर हे यंत्र मध्येमध्ये बर्फ वितळवत थांबत होतं. टाकी ४४ अंशांच्या वर गेलीच नव्हती.

पोती ओढली, फळी काढली, दार सताड उघडलं. पंधरा मिनिटांत कॉइल ओली काळी दिसायला लागली. टाकीतला दीड किलोवॉटचा कॉइल हीटर सुरू केला. काकींनी काही न बोलता बंब पेटवला. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना, त्यांना धुरातून सोडवायला तर मी आलो होतो. पावणेनऊला शेवटची बादली भरली आणि भटजींनी उंबऱ्यावर चपला काढल्या.

विसर्जनानंतर गेलो ते सहा इंची पाइप आणि छिन्नी घेऊनच. दाराला खाली जाळी बसवली, तिथून हवा आत. गार हवेच्या तोंडाला पाइप लावून तो जांभ्याची भिंत फोडून माजघरात काढला. त्यात झडप आहे, थंडीत ती फिरवली की हवा बाहेर अंगणात जाते. मे महिन्यात माजघरात बसवत नाही, तेव्हा तो झोत किती बरा वाटतो ते काकी सांगतात. त्या आता नारळ खवायला तिथेच बसतात.

पुढच्या गणपतीला टाकी ६० अंशांवर ठेवायला सांगितलं. माणसं एकोणीस होती. मी मुद्दाम सकाळी गेलो, शेवटच्या बादलीआधी नळाखाली थर्मामीटर धरला. ४३.