व्यवसाय: गृहिणी

कॅलिफोर्नियात मृत्यूच्या दाखल्यावर माणसाचा ‘नेहमीचा व्यवसाय’ लिहावा लागतो, तो किती वर्षं केला हेही. हा रकाना भरणं अंत्यविधी करणाऱ्या कंपनीचं काम. माझा त्याच्याशी संबंध नसतो, तरी २०२४च्या मार्चपासून तो डोक्यातून जात नाही. ज्या घरी हे घडलं, त्या घरच्या मुलीला विचारूनच हे लिहिते आहे.

मी सॅन होजेत हॉस्पिस नर्स आहे. आता फार तर सहा महिने, असं दोन डॉक्टरांनी लिहून दिलं की पेशंट आमच्याकडे येतो आणि आम्ही त्याच्या घरी जातो. या शहरात लाखाहून जास्त व्हिएतनामी माणसं राहतात, त्यामुळे माझ्या यादीत एखादी व्हिएतनामी आजी असतेच. आजीला ते ‘बा’ म्हणतात, मीही तेच म्हणते.

या बांचं हृदय थकलं होतं. दोन वाक्यं बोलल्या की धाप लागायची. मॉर्फिनचं नाव काढलं की मुलगा दचकायचा. मी त्याला सिरिंजवरची पाव मिलिलिटरची रेघ दाखवली. पाच मिलिग्रॅम, गालाच्या आत सोडायचं, गिळावंही लागत नाही. थोड्या वेळाने बांचे वर ओढलेले खांदे खाली आले, तेव्हा त्याचा विश्वास बसला.

बा बौद्ध होत्या. श्वास थांबल्यावर आठ तास देह हलवायचा नाही, शेजारी बसून अमिताभ बुद्धाचं नाव घेत राहायचं, हे मुलीने मला सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं. एरवी अंग पुसणं, कपडे घालणं हे सगळं आम्ही नंतर करतो, तेही घाईने, कारण दोन-तीन तासांत जबडा आखडतो. इथे ती सोय नव्हती. गुडघ्यांवर जांभळी जाळी उमटली, श्वासात लांब खंड पडू लागले, तशी आदल्या रात्रीच मी तयारी केली. अंग पुसलं, त्यांनी काढून ठेवलेला करडा झगा घातला, कवळी बसवली, उशाकडची बाजू थोडी उचलली, हनुवटीखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवली. पहाटे मुलीला विचारून स्टेथोस्कोप टेकवला, पूर्ण मिनिटभर ऐकलं, वेळ लिहिली. ऑक्सिजनचं मशीन बंद केलं. त्यानंतर बांना कुणाचा हात लागला नाही. हे काम मी चांगलं केलं, असं मला मनापासून वाटतं.

ऑफिसचा फोन आलाच. गाडी कधी बोलावणार? वेगवेगळ्या समाजांच्या रीतींचा मान ठेवा म्हणून आमच्याकडून दरवर्षी ऑनलाइन कोर्स करून घेतात, आणि आठ तास म्हटलं की त्याच माणसांना वेळापत्रक आठवतं. कुठलाही नियम मोडत नव्हता. मी ठाम राहिले आणि शिफ्ट संपल्यावरही थांबले.

उरलेलं मॉर्फिन साक्षीदारासमोर मोजून नष्ट करायचं असतं. मुलाच्या पत्र्याच्या फिल्टरमधला कॉफीचा चोथा घेऊन त्यात मी ते कालवत होते, तेवढ्यात अंत्यविधीच्या कंपनीचा फोन आला. जन्मतारीख?

कागदावर १ जानेवारी १९४०. बा खऱ्या १९३८च्या, वाघाच्या वर्षातल्या; त्यांच्या पंचांगात प्रत्येक वर्ष एकेका प्राण्याचं असतं. त्या वर्षीच्या मुलीशी लग्न करायला लोक कचरतात, म्हणून त्यांच्या आईने दोन वर्षं लपवली होती. आपल्याकडे मुलीचा मंगळ लपवतात, तसंच. पुढे निर्वासितांच्या छावणीत कारकुनाने तेच वर्ष धरलं आणि दिवस-महिना आपल्या मनाने टाकला.

नेहमीचा व्यवसाय? मुलगा म्हणाला, “गृहिणी.” मुलगी फोनवर हात ठेवून म्हणाली, “असेंब्लर.” म्हणजे सुटे भाग जोडणारी कामगार.

मग दोघांनी मिळून, मध्येच एकमेकांना तोडत, मला जे सांगितलं ते असं. बा उत्तरेतल्या नाम दिन्हच्या. १९४५च्या दुष्काळात त्यांची दोन भावंडं गेली. १९५४मध्ये देश दुभंगला तेव्हा हायफाँगहून जहाजाने सायगावला आल्या. नवरा दक्षिणेच्या सैन्यात. १९७५मध्ये उत्तरेने दक्षिण जिंकल्यावर तो ‘पुनर्शिक्षण’ छावणीत, म्हणजे नव्या सरकारच्या कैदेत गेला आणि तिथेच वारला. १९७९मध्ये दोन मुलांना घेऊन बा होडीत बसल्या, ती मलेशियाच्या पुलाऊ बिडाँग बेटाला लागली. जेमतेम एक चौरस किलोमीटर जागेत तेव्हा ४०,०००च्या आसपास माणसं राहत होती.

सॅन होजेत एक ओळखीचा कंत्राटदार संध्याकाळी पिशवीभर सर्किट बोर्ड आणून द्यायचा. नगावर पैसे, रोख. जेवण झालं की त्याच टेबलावर सोल्डरिंग. खिडकीत उलटा पंखा, धूर बाहेर जावा म्हणून. गृहपाठ उरकून मुलं रेझिस्टर, म्हणजे बोर्डावरचे रंगीत पट्ट्यांचे बारीक भाग, निवडायला बसत. तपकिरी, काळा, लाल, हे रंगीत पट्ट्यांचे आकडे मुलाला आजही एका दमात म्हणता येतात. बांच्या उजव्या तर्जनीवर एक गुळगुळीत, चकचकीत चट्टा होता. मी तो रोज पाहत होते आणि स्वयंपाकघरातला समजत होते.

मुलाची भीती मला कळत होती. सुरुवातीला घरात सरकारी मदत यायची आणि ही रोख मिळकत कुठेच दाखवलेली नव्हती. आईच्या नावाला सरकारी कागदावर कसलाही डाग लागू नये, एवढंच त्याला हवं होतं. मुलगी म्हणत होती की त्याच कागदावरून आई पुसली जातेय.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आम्हा मराठी घरांत सिलिकॉन व्हॅलीची गोष्ट आयआयटीपासून सुरू होते. माझ्या स्वतःच्या घरातही. ते बोर्ड जोडले कोणी, हा प्रश्न आमच्या गणपतीतल्या गप्पांत मी कधी ऐकलेला नाही. घरी रात्री चालणाऱ्या या नगाच्या कामावर सॅन होजेच्या दैनिकाने १९९९मध्ये सविस्तर लिहिलं होतं. म्हणजे कुणाला ठाऊकच नव्हतं, असंही नाही.

दाखल्यावर ‘गृहिणी’ गेलं. थोरल्याचा शब्द म्हणून बहीण गप्प बसली. व्हिएतनामी वर्तमानपत्रातली निधनवार्ता मात्र तिने लिहिली. त्यात वर्ष वाघाचं आहे, वय, जन्मतःच एक धरायच्या त्यांच्या पद्धतीने, ८७ आहे, आणि बांनी टेबलावर बोर्ड जोडून दोन मुलांना शिकवलं, हेही आहे. दाखल्यात दुरुस्तीचा अर्ज करता येतो, हे मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला पॅगोडात भेटलो तेव्हा मी तिला सांगितलं. भावाला डावलून तिला तो करायचा नाही. भाऊ अजून हो म्हणालेला नाही.