कुठल्या चाकात हवा कमी आहे?

वाईला गेले की निदान चार जण तरी विचारतातच, आणि पुण्यातल्या भावंडांचे मेसेज वेगळे. प्रश्न एकच असतो: "तू रोज या गाड्या चालवतेस, तर खरं सांग. इलेक्ट्रिक स्पोर्ट सेडान चालवताना गाडी चालवल्यासारखं वाटतं, की लिफ्टमध्ये उभं राहिल्यासारखं?" मी चौदा वर्षं जर्मनीत स्टुटगार्टजवळ सस्पेन्शन ट्यूनिंगचं काम करतेय. स्प्रिंग, डँपर (म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) आणि टायर यांचं एकमेकांशी जमवायचं आणि मग गाडीत बसून ते जमलं की नाही हे अंगाने ओळखायचं, असं हे काम. फोनवर दोन वाक्यांत दिलेल्या उत्तराने माझंच समाधान होत नाही. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून, आज जरा नीट सांगते.

पिकअपचं आधी उरकून घेते, कारण बहुतेकांना तेच ऐकायचं असतं. पोर्शेची इलेक्ट्रिक सेडान टायकान टर्बो एस २०१९ मध्ये आली तेव्हाच शून्यापासून १०० किलोमीटरचा वेग २.८ सेकंदांत गाठत होती. मार्च २०२४ पासून भारतात मिळणाऱ्या बीवायडी सीलचं परफॉर्मन्स मॉडेल तिथे ३.८ सेकंदांत पोचतं. पहिल्या दिवशी पोटात गोळा येतो, आठवड्याने सवय होते, आणि महिन्याभराने एवढा पाय दाबायचं कारणही उरत नाही. सरळ रस्त्यावर वेग देणं मोटरला सोपंच आहे. गाडीची परीक्षा वळणात होते.

आणि परीक्षा म्हटलं की मला आमच्या अप्पांची परीक्षा आठवते. १९९८ साली त्यांनी मला फियाटवर गाडी शिकवली. फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या शेजारी, पॉवर स्टिअरिंग वगैरे काही नाही. रविवारी सकाळी निघण्याआधी अप्पा मला काहीतरी आणायला घरात पाठवायचे आणि तेवढ्यात चारपैकी एका चाकातली चार-पाच पौंड हवा सोडायचे. मग मी वाईतून पसरणी घाट चढायचा, आणि वर पांचगणीला गाडी लावली की सांगायचं, कुठल्या चाकात हवा कमी आहे. उतरून बघायचं नाही.

पुढच्या चाकांचं मला लवकर जमलं. डाव्या चाकात हवा कमी असली की गाडी डावीकडे ओढायची, आणि उजव्या वळणात स्टिअरिंग जड व्हायचं, सोडलं तरी सरळ व्हायला वेळ घ्यायचं. तळहाताला ते पिठाच्या गोळ्यासारखं लागायचं. मागच्या चाकांचं मात्र कधी जमलं नाही. काहीतरी सैल आहे एवढं कळे, डावं की उजवं ते सांगता येत नसे.

आज मोजायची यंत्रं खूप आहेत, तरी माझी फूटपट्टी तीच राहिली आहे. गाडी चालवल्यासारखं वाटणं म्हणजे चाकाखाली काय चाललंय याची खबर तुमच्यापर्यंत वेळेत पोचणं. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की चांगल्या इलेक्ट्रिक सेडानमध्ये ही खबर पोचते, फक्त तिची वाट बदलली आहे. पूर्वी ती हातात यायची. आता ती कमरेत आणि उजव्या पायाच्या तळव्यात येते. हातातच शोधत बसलात, तर गाडी मुकी आहे असंच वाटेल.

वाट बदलली त्याचं मोठं कारण वजन. बीएमडब्ल्यूची १९८० च्या दशकातली पहिली एम-थ्री साधारण १२०० किलोची होती. २०२१ मध्ये आलेली त्यांची इलेक्ट्रिक सेडान आय-फोर एम-५० रिकामीच २२१५ किलो भरते. वेग तोच धरला तरी थांबवायची ऊर्जा जवळपास दुप्पट, आणि वळणात बाहेर खेचणारा जोरही जवळपास दुप्पट. टायरची पकड मात्र त्या हिशेबाने वाढत नाही. भार दुप्पट केला तर पकड दुपटीला थोडी कमीच पडते. म्हणून टायर रुंद घ्यावे लागतात, स्प्रिंगा कडक कराव्या लागतात, आणि रस्त्याचा बारीक खरखरीतपणा हातापर्यंत यायच्या आधीच विरून जातो. आमच्या कामातलं निम्मं आयुष्य हे विरणं थोडं कमी करण्यात जातं.

तरीही हे वजन जिथे बसवलंय तिथेच या गाड्यांची खरी ताकद आहे. आय-फोरची बॅटरी फक्त ११० मिलिमीटर उंच आहे आणि फरशीसारखी सपाट पसरलेली आहे. त्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य बीएमडब्ल्यूच्याच पेट्रोल-डिझेलच्या थ्री सिरीजपेक्षा ५३ मिलिमीटरपर्यंत खाली गेला. शिवाय वजन दोन चाकजोड्यांच्या मध्ये आहे, नाकावर जड इंजिन नाही. स्टिअरिंग वळवलं की आधी नाक आणि मग मागून शेपूट, असं होत नाही. गाडी तुमच्या बैठकीभोवती फिरते. टायकान टर्बो जीटीने जर्मनीतल्या नॉर्डश्लायफे या वळणावळणाच्या ट्रॅकचा २०.८ किलोमीटरचा फेरा ७ मिनिटं ७.५५ सेकंदांत पुरा केला, तो नुसत्या मोटरच्या जोरावर होत नाही.

पण इथेच एक धोका आहे, आणि नवीन चालक शेजारी बसला की मी त्याला तो पहिल्यांदा सांगते. आमची फियाट वळणात एवढी कलायची की आपण मर्यादेच्या किती जवळ आहोत हे डॅशबोर्डवर ठेवलेल्या पेनवरूनही कळायचं. आताची सेडान कलतच नाही. २०२४ च्या टायकानमध्ये तर प्रत्येक चाकाच्या डँपरला विजेवर चालणारा हायड्रॉलिक पंप जोडता येतो, आणि गाडी मोटारसायकलसारखी वळणाच्या आत झुकवता येते. अंगाला सगळं शांत लागतं, आणि टायर मात्र तेव्हा जिवाच्या आकांताने रस्ता धरून असतो. कलण्यातून मिळणारा इशारा गेला, तेव्हा दुसरा इशारा वाचायला शिकावं लागतं.

तो कुठे मिळतो ते एका वळणावरून सांगते. आमच्याकडे ब्लॅक फॉरेस्टच्या माथ्यावरून बी-५०० नावाचा रस्ता जातो, बाडेन-बाडेन ते फ्रॉइडेनश्टाट, सुमारे ६० किलोमीटर. मुमेलझे तळ्याच्या बाजूने बाडेन-बाडेनकडे उतरताना झाडीत एक लांब उजवं वळण लागतं, पुढे जाताना थोडं आवळत जाणारं. मागच्या चाकांवर चालणारी आय-फोर ई-ड्राइव्ह ४० घेऊन मी त्यात शिरते. ब्रेक सुटतो, नाक आत येतं, बाहेरचं पुढचं चाक भार घेतं. आता वळण आवळायला लागलं. स्टिअरिंग मी हलवत नाही. उजव्या पायाचा अंगठा नखभर उचलते, आणि अख्खी दोन टनांची गाडी नखभर आत येते. पुन्हा अंगठा टेकवते, ती पुन्हा बाहेरच्या रेषेवर. मध्ये गिअर नाही, टर्बोची वाट बघणं नाही, पायाने मागितलं तेवढं त्याच क्षणी. मागचं चाक सटकायला आलं तर मोटरचा कंट्रोलर स्वतःच जोर आवरतो. ही पद्धत बीएमडब्ल्यूने आधी छोट्या आय-थ्री एसमध्ये आणली होती. पण ते आवरण्याआधी मांडीखाली सीट किंचित सरकल्यासारखी वाटते, ताटात ओली वाटी सरकावी तसा हलका घसरा. खबर म्हणतात ती हीच. पेट्रोलच्या गाडीत हा घसरा इंजिनच्या थरथरीत बुडून जातो, इथे तो सुटा आणि स्वच्छ येतो.

मात्र उजव्यानंतर लगेच डावं वळण आलं की वजन लपत नाही. भार एका बाजूकडून दुसरीकडे जाताना गाडी एक श्वास घेते. त्या श्वासाला थांबायचं असतं. घाई करून स्टिअरिंग फिरवलंत तर पुढची चाकं नुसती खरवडतात.

आता ब्रेक. मला विचाराल तर या गाड्यांमध्ये चांगलं आणि वाईट सगळ्यात जास्त वेगळं होतं ते ब्रेकच्या पेडलात. घाटात शिकलेल्या प्रत्येकाला एक नियम पाठ असतो: ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, न्यूट्रलला टाकायचं नाही. इलेक्ट्रिक गाडीत ते काम मोटर करते, जनरेटर बनून वीज बॅटरीत भरते आणि गाडीला धरून ठेवते. पण किती धरायचं आणि कुठल्या पेडलाने, यावर कंपन्यांचं एकमत नाही. टेस्लामध्ये अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी धरली जाते आणि ब्रेकचं पेडल फक्त चाकांवरच्या डिस्क ब्रेकचं असतं. पोर्शेने उलटं ठरवलं: पाय उचलला तर गाडी वाहत राहते, आणि ब्रेक दाबला की आधी मोटर, मग डिस्क. पहिल्या टायकानमध्ये हे मोटरचं ब्रेकिंग २६५ किलोवॉटपर्यंत जायचं, आणि रोजच्या वापरातलं सुमारे ९० टक्के ब्रेकिंग डिस्कला हात न लावता होतं असं पोर्शे सांगते. मोटरकडून डिस्ककडे जाण्याचा सांधा पायाला लागू नये, ही खरी कारागिरी. टायकानमध्ये तो मला क्वचितच सापडतो. वळणात शिरताना मला पाय उचलला की वाहणारी गाडीच आवडते, कारण मग गती कमी करणं आणि वळवणं या दोन गोष्टी दोन वेगळ्या पेडलांवर राहतात.

सांधा उघडा पडला तर काय होतं ते मी एका जानेवारीत अनुभवलं. डोंगरावरच्या मुक्कामी रात्रभर चार्ज केलेली भाड्याची गाडी होती, बाहेर उणे आठ. सकाळी उतारावर पाय उचलला आणि गाडीने धरलंच नाही. बॅटरी भरलेली, वर थंडगार. वीज घ्यायला जागाच नव्हती. काल संध्याकाळी जिथे पाय उचलणं पुरेसं होतं, तिथे आज ब्रेकवर जोरात जावं लागलं, तेही वळणाच्या तोंडाशी. चांगल्या गाड्या अशा वेळी डिस्क आपोआप मिसळतात आणि चालकाला फरक कळू देत नाहीत. तिने तसं केलं नाही. तेव्हापासून डोंगरमाथ्यावर मी बॅटरी कधी पूर्ण भरत नाही.

स्टिअरिंगबद्दल एकच सांगायचं आहे. त्याची वाचा गेल्याचा दोष बॅटरीच्या माथी मारू नका. तेलावर चालणारं पॉवर स्टिअरिंग जाऊन विजेचं आलं ते आधीच. २०११ च्या सुमारास पोर्शेची नाइन-इलेव्हन आणि बीएमडब्ल्यूची थ्री सिरीज या दोन्हीत ते आलं, आणि दोन्ही पेट्रोलच्या गाड्या. तेव्हापासून हात हळूहळू बहिरे होत आलेत.

आवाजाचं विचारणारेही पुष्कळ. आय-फोरमधला स्पीकरचा आवाज सिनेमाचा संगीतकार हान्स झिमर याच्या साथीने बनवलेला आहे, मी तो बंद ठेवते. इंजिन गप्प झालं की टायर ऐकू येतो: पकड भरपूर असताना नुसती सळसळ, मर्यादेजवळ एक बारीक सूर. तो सूर झाकायची माझी तयारी नाही. ह्युंदाईने मात्र आयोनिक ५ एन या इलेक्ट्रिक गाडीत खोटे आठ गिअर दिले, बदलताना मोटरचा जोर क्षणभर तोडून खराखुरा झटका देणारे, आणि २०२५ मध्ये आयोनिक ६ एन या सेडानमध्येही ते आणले. ते मला मनापासून पटतं. डोळे वळणावर असताना वेग किती आहे हे कानाला आणि पाठीला कळतं, स्पीडोमीटरकडे बघावं लागत नाही.

घ्यायचीच असेल तर शोरूमवाल्यांना सांगा, मला सरळ हायवे नको, दहा मिनिटं वळणाचा रस्ता हवा. पुण्यात असाल तर कात्रजचा जुना घाट. दोन मोटरच्या मॉडेलपेक्षा एका मोटरचं घ्या. आय-फोरमध्ये एका मोटरची ई-ड्राइव्ह ४० दोन मोटरच्या एम-५० पेक्षा १६५ किलोने हलकी आहे आणि तेवढं हलकेपण प्रत्येक वळणात परत मिळतं. चाकं मिळतील त्यात लहान घ्या. आणि ताशी दहा-वीसच्या वेगात, गर्दीत, ब्रेकने गाडी अलगद थांबवून बघा. तिथे सांधा लागला तर घाटातही लागणार.

मागच्या शरदात आम्ही अप्पांची परीक्षा करून पाहिली. बंद मैदान, ई-ड्राइव्ह ४०, हवा दाखवणाऱ्या इशाऱ्यावर कागद चिकटवलेला. सहकाऱ्याने एका चाकातली अर्धा बार, म्हणजे सुमारे सात पौंड, हवा काढली आणि मी चालवायला लागले. पहिल्यांदा पुढचं डावं होतं. हाताला काही म्हणजे काही कळेना. अखेर एवढंच लक्षात आलं, की त्याच उजव्या वळणाला माझे हात दर फेरीत थोडे जास्त फिरतायत. तेव्हा ओळखलं. दुसऱ्यांदा मागचं उजवं होतं. पहिल्याच डाव्या वळणात अंगठा टेकवला आणि उजव्या कुल्ल्याखाली गाडी उशिरा बसली, गादीवर टेकल्यासारखी. मी तिथेच ब्रेक लावला आणि सांगून टाकलं.

रात्री अप्पांना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, "पुढचं डावं ओळखायला किती वळणं लागली?"

"अकरा."

"फियाटमध्ये तुला दोन लागायची. आणि मागचं?"

"एक."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मागचं तुला कधीच आलं नव्हतं गं. पुढच्या वेळी येशील तेव्हा मला तसली गाडी चालवायला मिळेल का बघ."