गोव्याच्या शहरांचा कथा-लेखसंग्रह : आधी जागा, मग नावं

गोव्यात कथासंग्रहाचं संपादन ठरलं की पहिली बैठक नावांवरच संपते. ज्येष्ठ कोण, कोणाला वगळलं तर रुसेल, कोणाची कथा दुसऱ्या संग्रहात येऊन गेली. दोन तासांनी कागदावर वीस नावं असतात आणि शहर कुठेच नसतं. विषय शहरी जगण्याचा असेल तर कागदावर आधी जागा लिहाव्यात आणि प्रत्येक जागेपुढे दिवसाची वेळ लिहावी. लेखकांची नावं त्यातूनच निघतात, आणि पुष्कळदा ती वेगळीच निघतात.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्यातले ६२ टक्के लोक शहरी भागात राहतात. देशातल्या कुठल्याही राज्यात हे प्रमाण इतकं नव्हतं. त्या वेळी राज्यात ७० शहरं मोजली गेली आणि त्यांतली ५६ ‘जनगणना शहरं’ होती. म्हणजे कारभार पंचायतीचा, पण वस्ती किमान ५ हजार, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी निदान ७५ टक्के शेतीबाहेर. पर्वरीचा रहिवासी कागदोपत्री गावात राहतो आणि लिफ्टने घरी जातो. आपली मराठी कथा मात्र अजून देवळाच्या चौकात, भाटकार-मुंडकारांच्या (जमीनमालक आणि त्याच्या जागेत राहणारे) नात्यात आणि माडांच्या सावलीत रमते. त्या कथेचं मोल कमी नाही, फक्त तिची जागा दुसऱ्या संग्रहात आहे. शहरी संग्रहाचा खरा मजकूर त्या ५६ ठिकाणी पडून आहे, जिथे ग्रामसभेत इमारतीच्या सांडपाण्यावरून भांडण होतं.

दुसरा मोह पणजीचा. २०११ मध्ये पणजी महापालिकेच्या हद्दीत सुमारे ४० हजार लोक होते, मडगावात ८७ हजारांच्या वर आणि मुरगाव पालिकेत ९४ हजार. तरीही हाती येणाऱ्या दहा मजकुरांतले सात पणजीचे असतात आणि त्या सातांतले चार फोंताइन्यासच्या रंगीत भिंतींपाशी सुरू होतात. मर्यादा आधीच घालून घ्यावी. एकोणीस मजकुरांचा संग्रह असेल तर पणजीला जास्तीत जास्त पाच, आणि त्या पाचांत मळा, सांतिनेज, पाटो, रायबंदर अशी वाटणी. उरलेले चौदा वास्को, मडगाव, म्हापसा, फोंडा आणि पंचायतींत दडलेल्या शहरांसाठी.

जागा लिहिताना ‘म्हापशाचा बाजार’ एवढं पुरत नाही. ‘शुक्रवार, सकाळचे साडेसहा, मिरची आणि गावठी भाजी घेऊन आलेल्या बायका जागा धरतात, सोपो गोळा करणारा अजून यायचा आहे’ असं लिहावं. सोपो म्हणजे बाजारात बसण्याची फी. हा एक शब्द लेखकाच्या हाती दिला की तो बाजाराच्या रंग-वासाचं वर्णन सोडून पैशाकडे वळतो, आणि शहरी लेखनाला नेमकं तेच हवं असतं : कोण कोणाला किती देतो आणि का. वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह घ्या. चोवीस तासांच्या अखंड भजनावर लेख पुष्कळ आहेत. व्यवसायांनुसार निघणारे पार (भजनी मिरवणुका) आणि त्या काळात रस्त्यावर लागणाऱ्या दुकानांचा व्यवहार यांवर लिहिणारा शोधायला हवा. मडगावला पावसाआधी पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या साठवणीच्या) खरेदीला सुकी मासळी, मिरची, सोलं घेणारी बाई फ्लॅटमध्ये हे सगळं ठेवते कुठे, हा चांगल्या निबंधाचा प्रश्न आहे. पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलवरून भाडं नेणारा पायलट, कदंबच्या स्टँडवरचा कंडक्टर, रात्री गाड्यावर रोस-ऑम्लेट करणारा, बायणा-झुआरीनगरात भाड्याने राहून वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीवर जाणारी मुलगी : ही शहराची माणसं आहेत. यांच्यातले बरेच कन्नड, हिंदी, मालवणी बोलतात. ती कथेच्या कडेला उभी राहणारी माणसं झाली की संग्रह खोटा पडतो. निवड करताना एक साधी मोजणी करावी : बाहेरून आलेल्या पात्राला स्वतःचं नाव आणि स्वतःचं वाक्य किती मजकुरांत मिळालं आहे? एकोणिसांत पाचाहून कमी असतील तर पुन्हा शोध सुरू करावा.

हा शोध कुठे घ्यायचा? दिवाळी अंक आणि दैनिकांच्या रविवार पुरवण्या यांत निम्मं काम होतं. जुन्या फायलींसाठी पाटोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत पोर्तुगीज काळातली वर्तमानपत्रंही आहेत. पोर्तुगीज भाषेतली ‘क्रोनिका’, म्हणजे शहरातल्या एखाद्या बारीक घटनेवरचं छोटं वर्तमानपत्री स्फुट, ललितलेखाच्या फार जवळची आहे, आणि आपण ती जवळजवळ वाचलेलीच नाही. ‘ओ हेराल्दो’ हे दैनिक १९०० मध्ये निघालं आणि १९८३ मध्ये इंग्रजी झालं. मधल्या आठ दशकांच्या पोर्तुगीज पानांतून दोन-तीन स्फुटं निवडून मराठीत आणली तर पणजी-मडगावच्या शहरीपणाचं वय वाचकाच्या लक्षात येतं.

अनुवाद शक्यतो मूळ भाषेतून थेट व्हावा. पोर्तुगीजमधून इंग्रजीत आणि तिथून मराठीत आलेला ‘पात्रांव’ वाटेत ‘बॉस’ होतो आणि शेवटी नुसता ‘मालक’ उरतो. हा शब्द गोव्यात सगळ्यांना कळतो, तो ठेवावा. कोंकणीतून मराठीत आणताना धोका उलटा असतो, कारण भाषा इतक्या जवळच्या की अनुवादक गाफील राहतो. ‘शीत’ म्हणजे कोंकणीत भात, मराठीत भाताचा एक कण. ‘नुस्तें’ म्हणजे मासळी, ‘नुसतं’ नव्हे. रोमी (रोमन) लिपीतल्या कोंकणी कथा देवनागरीत उतरवताना आणखी एक पायरी लागते. रोमीत ‘श’साठी ‘एक्स’ येतो हे सर्वांना ठाऊक असतं. पण ‘ड’, ‘ट’, ‘ळ’, ‘ण’ दाखवायला अक्षर दोनदा लिहिण्याचा नियम सगळे पाळत नाहीत. त्यामुळे ‘त’ की ‘ट’, ‘ल’ की ‘ळ’ हे कागदावरून ठरत नाही. लेखकाला किंवा त्याच गावच्या वाचकाला मोठ्याने वाचायला सांगावं आणि ऐकत ऐकत लिहावं. चार हजार शब्दांच्या कथेला दोन बैठका लागतात.

संवादातली कोंकणी तशीच ठेवावी असं माझं ठाम मत आहे. तळटीप देऊ नये, शेवटी शब्दार्थांची यादीही नको. पुण्याच्या वाचकाला अडेल अशी भीती असेल तर आजूबाजूच्या निवेदनात अर्थ उलगडेल एवढं एक वाक्य लेखकाकडून घालून घ्यावं, तेही त्याला विचारून. स्थळनामांचा नियम मात्र एकच असू द्या. निवेदनात म्हापसा, मडगाव, पणजी अशी प्रचलित मराठी रूपं, आणि पात्राच्या तोंडी ते पात्र म्हणेल तसं.

परवानग्यांत सर्वांत जास्त वेळ जातो आणि संग्रह अडतात ते इथेच. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. बा. भ. बोरकर १९८४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनाचा हक्क २०४४ संपेपर्यंत वारसांकडे आहे. गोव्यात मुलगे आणि मुली सारखेच वारस असतात, त्यामुळे घरी राहणाऱ्या एका मुलाची सही घेऊन काम संपलं असं समजू नये. मुंबई, लिस्बन, टोरांटो, जिथे कोणी असेल तिथून संमती मागवावी. पत्रात पाच गोष्टी नावानिशी हव्यात : मजकुराचं शीर्षक, कुठल्या भाषेसाठी, किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी, शिवाय छापील की ई-पुस्तकही. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दुसरी आवृत्ती सहाव्या वर्षी काढताना हे कळतं आणि मग सगळी पत्रं पुन्हा. अनुवादाला मूळ लेखकाची आणि अनुवादकाची अशा दोन संमती लागतात. वर्तमानपत्राच्या नोकरीत असताना पत्रकाराने लिहिलेला लेख असेल, तर वेगळा करार नसल्यास वृत्तपत्र-नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा आणि पुस्तकाचा हक्क लेखकाचा असतो. तरी दोघांनाही पत्र पाठवणं शहाणपणाचं.

आता पानांचा हिशेब. डेमी आकार, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, आणि १२ पॉइंटचा देवनागरी टाइप धरला तर पानावर सुमारे २९० शब्द बसतात. सरासरी ३७०० शब्दांच्या बारा कथा आणि १९०० शब्दांचे सात लेख मिळून ५७,७०० शब्द, म्हणजे १९९ पानं. प्रत्येक मजकूर नव्या पानावर सुरू होतो, त्यात एकोणीस वेळा अर्धं पान वाया जातं : आणखी दहा. प्रस्तावनेला सात, मुखपृष्ठानंतरची पानं, अनुक्रम आणि लेखक-परिचय यांना आठ. बेरीज २२४. सोळा पानी फर्मा (एकत्र छापली जाणारी सोळा पानं) धरला तर बरोबर चौदा फर्मे. कोणाची कथा ऐनवेळी हजार शब्दांनी वाढली की हिशेब २२८ वर जातो आणि चार पानांसाठी आणखी एका फर्म्याचा खर्च येतो. म्हणून शब्दमर्यादा पहिल्याच पत्रात कळवावी आणि ती पाळून घ्यावी.

जुने मजकूर युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेले असतात. रूपांतरात रफार एक अक्षर पुढेमागे जातो, ‘दुसऱ्या’तला ‘ऱ्य’ बिघडतो, ‘ऑ’ आणि ‘ॲ’ यांची जागा चौकोन घेतात. छापील पान स्कॅन करून अक्षरं ओळखून घेतली तर ‘भ’चा ‘म’, ‘घ’चा ‘ध’, ‘थ’चा ‘य’ होतो. ‘घर’चं ‘धर’ झालं तर शब्दतपासणीचा प्रोग्राम काहीच बोलत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. अशा मजकुराचं मुद्रितशोधन दोघांनी करावं, एकाने मूळ पान मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने नवं पाहावं.

भाषेइतकाच काळही तपासावा लागतो. मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. १९८८ मधलं पात्र म्हापशाहून पणजीला येत असेल तर कथेत फेरीबोटीची रांग हवी. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली, इफ्फी हा चित्रपट महोत्सव २००४ पासून पणजीत, मांडवीवरचा अटल सेतू जानेवारी २०१९ मध्ये खुला झाला, मोपाच्या विमानतळावरून विमानं जानेवारी २०२३ पासून उडू लागली. स्मरणरंजनाच्या लेखांत या तारखा सर्रास मिसळतात. रस्त्यांच्या नावांचंही तेच. ‘१८ जून’ रस्ता पणजीत आहे, पण १९४६ च्या १८ जूनची लोहियांची सभा मडगावची. एका लेखात हा घोळ राहिला की वाचक बाकीच्या अठरांवरही शंका घेतो.

क्रम लावताना कथा एका भागात आणि लेख दुसऱ्या भागात ठेवू नका. तसं केलं की वाचक कथा वाचतो आणि लेख राहून जातात. दिवसाच्या वेळेने लावलेला क्रम गोव्याला फार शोभतो, कारण इथल्या दिवसाला स्पष्ट सांधे आहेत. पहाटे पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा, दुपारी एक ते तीन-चार बंद दुकानं, संध्याकाळी तियात्राची (कोंकणी नाटकाची) जाहिरात करत फिरणारी गाडी, रात्री मांडवीवर कसिनोंचे दिवे आणि पलीकडे बेतीकडे जाणारी फेरीबोट. सुरुवातीला जागांपुढे वेळ लिहून ठेवली असेल तर हा क्रम जवळजवळ तयारच असतो. एकाच बाजाराची कथा आणि लेख शेजारी ठेवू नयेत. मध्ये दोन मजकूर जाऊ द्यावेत, म्हणजे वाचकाला ती जागा पुन्हा भेटते. आणि पावसाने सुरू होणारे मजकूर मोजावेत. दोनपेक्षा जास्त असतील तर लेखकांना विनंती करून सुरुवात बदलून घ्यावी. हे सांगायला संकोच वाटतो, पण लेखक ऐकतात.

आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. मुखपृष्ठ छापायला जाण्याआधी अर्ज करावा, नाहीतर बारकोडची चिकटपट्टी लावत बसावं लागतं. प्रकाशनानंतर तीस दिवसांत कायद्याप्रमाणे प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायच्या असतात. पाटोच्या ग्रंथालयालाही दोन प्रती द्याव्यात.

आणि छपाईला जाण्याआधी प्रत्येक मजकुराची एक प्रत त्या त्या जागेच्या माणसाला वाचायला द्यावी. म्हापशाची कथा शुक्रवारी बाजारात बसणाऱ्या बाईला, पायलटची कथा पायलटला. वाचायला वेळ नसेल तर वाचून दाखवावी. कुठल्या कोपऱ्यावर सावली असते, फेरी किती वाजता सुटते, गाड्यावर पावाबरोबर काय देतात, या चुका त्यांना पहिल्या पानातच सापडतात.